न घेतलेलं नाव

गेल्या वर्षीपर्यंत आमच्या डोंगरातल्या अक-तेरेक गावात येऊन तुम्ही "खोगिरं करणारा सामात कुठे राहतो?" असं विचारलं असतंत, तर कुणी तुम्हाला वाट दाखवली नसती. खोटं वाटत असेल तर त्या दोन घोडेस्वारांना विचारा. डोंगरापलीकडच्या खोऱ्यातनं आले होते बिचारे. कुणाच्या तरी खोगिराखाली डाग देऊन उमटवलेलं 'सामात' हे नाव त्यांनी वाचलं, आणि आपल्यालाही अस्संच हवं म्हणून दीड दिवस घोडी दामटत आले. गावाच्या तोंडाशी म्हातारा जुमाश भेटला. तो म्हणाला, "सामात? या नावाचा आमच्यात कुणी नाही. होता एक, तो वारला." दुकानात विचारलं तर दुकानदारीण म्हणाली, "पुढच्या गावात बघा." पुढच्या गावानं परत मागे पिटाळलं. शेवटी कालव्यावर गालिचा धूत बसलेल्या कालिमाननं विचारलं, "करतो काय तुमचा हा सामात?"

"खोगिरं करतो, काकू."

"अगं बाई! मग लंगडा म्हणा की सरळ! सामात-बिमात काय लावलंय मघापासनं!"

ही सगळी हकीकत त्या दोघांनी सामातच्याच अंगणात, कुमिसाचे, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, वाडगे रिचवत, पोट धरधरून सांगितली. थोरला भाऊ उलान हसला, शेजारचे हसले, सामातही हसला. हसता हसता त्याची मान खाली होती आणि हात लाकूड तासत होते. त्याची आई, बुरुलकान, तेवढी हसली नाही. परक्या माणसांनी तिच्या लेकाचं नाव तिच्याच अंगणात, दिवसाढवळ्या, मोठमोठ्यानं दहादा घेतलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, नाव घेतलं तर बिघडलं काय? तर ऐका.

बुरुलकाननं आपल्या धाकट्याचं नाव सव्वीस वर्षांत एकदाही घेतलं नव्हतं. उलानच्या पाठीवर तिला दोन मुलगे झाले. पहिल्याचं नाव आयबेक. ती त्याला दिवसातनं शंभरदा नावानं हाका मारायची, उगीचच, तो हसतो म्हणून. आठव्या महिन्यात तापानं गेला. दुसऱ्याचं नाव मुद्दाम तुरसुन ठेवलं, म्हणजे 'टिकू दे'. तो चाळीस दिवससुद्धा टिकला नाही. मग हा झाला, एक पाय आखूड आणि आत वळलेला. सासूनं बाळ उजेडात धरून नीट पाहिलं आणि सुनेच्या कानाशी वाकून म्हणाली, "झालं ते बरंच झालं. मुल्ला कानात सांगेल ते नाव असू दे, कागदावरही असू दे. पण तुझ्या तोंडातनं ते निघता कामा नये. लंगडा म्हणायचं. जीव न्यायला येणारा दाराशी उभा राहून ऐकत असतो पोरी. आई कुणाला लाडानं हाक मारते ते बघतो आणि नेमकं तेच उचलतो. लंगड्याला नेऊन तो काय करील? आणि हे कुणाला सांगू नकोस. तोडगा बोलून दाखवला की वाया गेला."

बुरुलकाननं ते गाठीला बांधलं. 'लंगड्या, दूध पी.' 'लंगड्या, ऊन लागेल, घरात ये.' पोरगं जगलं, वाढलं, पुढे गावातला सगळ्यात चांगला खोगीरवाला झालं. गावानं आईच्या तोंडचा शब्द उचलला. सख्खी आईच म्हणते म्हटल्यावर लोकांना काय, रान मोकळंच! शाळेत लंगडा, लग्नकार्यात लंगडा, घोड्यांच्या बाजारात 'लंगड्याचं खोगीर'. वाईट हेतूनं कुणी म्हणायचं असंही नाही. पण खडा तो खडाच, हसत हसत मारला म्हणून कमी लागतो का?

आईला तो शब्द ताईत होता. लेकाला काय वाटतं हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात उलानचं लग्न झालं आणि जिपार सून म्हणून घरात आली. शांत, कामाला वाघ, आणि डोळ्यांनी मिश्कील. आठवड्याभरानं नावं ठेवण्याचा चहा झाला. आमच्याकडे सून सासरच्या कुणाचं नाव तोंडावाटे काढत नाही, थोरल्याचंही नाही, धाकट्याचंही नाही. ती प्रत्येकाला आपलं असं नवं नाव ठेवते, आणि एकदा ठेवलं की जन्मभर तेच. त्यामुळे त्या दिवशी बायकांची ही गर्दी! अकराजणी आल्या, तळलेल्या बोरसोकांचा ढीग फस्त करत बसल्या. डोक्याला पांढरा रुमाल बांधून जिपार चहा ओतत होती आणि वाडगा हातात देता देता नाव सांगत होती. पांढऱ्या मिशांच्या चुलत सासऱ्यांना ती म्हणाली, "हिमशिखर मामंजी." जेवण झालं की जिथे असेल तिथे आडवा होणाऱ्या चुलत दिराला म्हणाली, "दुपारचे भाऊजी." बायका हसून हसून गडबडा लोळायच्या बाकी राहिल्या.

एवढ्यात सामात चुलीसाठी लाकडं घेऊन दारात आला. कालिमाननं डोळे मिचकावले. "याला ठेव गं आता! का याला ठेवायलाच नको? आयतंच आहे की!"

"दीडपाय्या म्हण!" दुसरी म्हणाली.

जिपारनं किटली खाली ठेवली. दिराकडे पाहिलं, त्याच्या हातांकडे पाहिलं, आणि लवून म्हणाली, "यांना मी उस्ताद भाऊजी म्हणणार."

सामातच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. त्यानं लाकडं चुलीपाशी ठेवली, एक ओंडका घरंगळला, तो उचलायचंही त्याला सुचलं नाही. तसाच बाहेर गेला.

"अगं, पण लंगडा म्हटलं की कसं सगळ्यांना कळतं," कालिमान म्हणाली. ती काही दुष्ट बाई नव्हे, तिची जीभच तशी, दाराला कडी नसलेली.

"कळतं खरं काकू," जिपार हसून म्हणाली, "पण तुमची सूनही तुमच्या जिभेवरनं सगळ्यांना कळेल असं नाव ठेवू शकली असती तुम्हाला. तिनं 'मधाच्या सासूबाई' ठेवलं. जीभ आपलीच आहे, वळवू तशी वळते."

बायका पुन्हा हसल्या, कालिमानही हसली, आणि चहा पुढे चालू झाला. बुरुलकान मात्र दाराकडे बघत होती. सुनेनं तिच्या लेकाची तारीफ केली होती, अकरा तोंडांसमोर, अकरा डोळ्यांच्या जोड्यांसमोर! बायका गेल्या तशी तिनं नजर जाळणाऱ्या आर्चाच्या झाडाच्या वाळक्या फांद्या पेटवून सगळं घर धुरानं भरून काढलं, उंबऱ्यावर तीनदा थुंकली. "डास झालेत," ती सुनेला म्हणाली.

आठ दिवस घरात 'उस्ताद भाऊजी' चाललं. 'उस्ताद भाऊजी, चहा.' 'उस्ताद भाऊजी, हा पट्टा जरा बघता का?' सामात कामावर बसला की शीळ घालायला लागला. उलानला आधी हसू आलं, मग एकदा त्याच्याही तोंडून 'उस्ताद' निघून गेलं.

नवव्या दिवशी सामातच्या हातातनं पटाशी निसटली आणि डाव्या तळव्यात घुसली. सात टाके पडले.

दवाखान्यातून आल्या आल्या बुरुलकाननं सुनेला गोठ्यामागे गाठलं. "पाहिलंस? पाहिलंस ना तुझ्या डोळ्यांनी? पंधरा वर्षं पटाशी चालवतोय तो, कधी ओरखडा नाही! आजपासून या घरात ते उस्ताद-बिस्ताद बंद. सगळे म्हणतात तसं म्हणायचं. लंगडा!"

जिपारचा चेहरा उतरला. "आई, तुम्ही म्हणाल ते करीन. पहाटे दोन गायींच्या जागी चार पिळीन. पण हे माझ्या जिभेवर येत नाही."

"का येत नाही? मी आई आहे, माझ्या येतं! तुला काय पुळका?"

"पुळका नाही. लहानपणी आमच्या शेजारी एक मुकी मुलगी होती, तिला सगळे मुकीच म्हणायचे, मीही म्हणायचे. एक दिवस तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला आणि मान हलवली. एवढंच. त्यानंतर मला कुणालाच तसलं म्हणता येत नाही."

"मग काही म्हणू नकोस!"

त्या दिवसापासून जिपार दिराला काहीच म्हणेना. चहाचा वाडगा पुढे ठेवायची आणि बोटानं टकटक करायची. घरात एक माणूस बिननावाचं झालं. शीळही बंद झाली.

सासूसुनेचं ते बोलणं झालं तेव्हा सामात गोठ्याच्या पलीकडेच उभा होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. चौथ्या दिवशी जेवताना म्हणाला, "मी शहरात जातोय. तिथल्या एका कारखान्यात चामड्याचं काम आहे. परवाच्या गाडीनं जाईन."

बुरुलकानच्या हातातला पळा पातेल्यात पडला. धाकटा मुलगा घर सोडून जात नाही. घर त्याचं, चूल त्याची, आईबापाची शेवटची वर्षं त्याच्या पदरात. हे काय नवीन?

"वेड लागलंय तुला?" उलान म्हणाला. "कशासाठी? अरे, लंगड्या..."

"यासाठीच."

"हात्तिच्या! अरे, प्रेमानं म्हणतो आम्ही!"

"तेच तर आहे ना दादा. रागानं म्हणाला असतात तर भांडलो तरी असतो. प्रेमानं म्हणता, मग मी काय करू? हसतो. सव्वीस वर्षं हसतोय." टाके घातलेला हात त्यानं मांडीवर ठेवला. "आठ दिवस कुणीतरी मला दुसरं काही म्हणालं. तोवर मला वाटायचं, सवय झालीय. आता कानाला सोसवत नाही."

"शहरात काय लोकांना डोळे नाहीत?" बुरुलकान फिसकारली. भीती वाटली की तिला राग यायचा, तिचा स्वभावच तो. "तिथेही दिसेलच पाय!"

"दिसू दे की. दिसणं वेगळं आणि हाक मारणं वेगळं." तो आईकडे बघून म्हणाला, अगदी हळू, "तुला लाज वाटते माझी, हे मला लहानपणीच कळलं होतं आई. दादाला तू नावानं हाक मारायचीस. वासरालासुद्धा नाव होतं. मी म्हणायचो, मोठा झालो, चांगलं काम शिकलो, की मलाही नावानं हाक मारेल एखादवेळेस. जाऊ दे. रागावलो नाहीये मी."

बुरुलकाननं तोंड उघडलं. सगळं ओठांवर आलं होतं. पण बोलून दाखवलं की तोडगा गेला, आणि तोडगा गेला की पोरगं गेलं. तिनं तोंड मिटलं, पातेलं उचललं आणि बाहेर निघून गेली. सामातला वाटलं, आपण म्हणालो तेच खरं.

जायच्या दिवशी ती गोठ्यातच बसून राहिली. निरोप द्यायला गेली तर रडू येईल, आणि रडली तर त्या ऐकणाऱ्याला कळेल की हे पोर किती लाडकं आहे. सामात दाराशी थोडा वेळ थांबला, मग बॅग खांद्याला लावून निघाला. प्रवासाला जाणाऱ्यानं भाकरीचा एक घास दातांनी तोडायचा आणि उरलेली भाकरी तो परत येईपर्यंत घरात जपून ठेवायची, हे आईनं करायचं काम जिपारनं केलं.

बुरुलकान आत आली तेव्हा सून ती भाकरी फडक्यात बांधत होती. कडेला दातांची कमान उमटली होती, एक एक दात मोजता यावा अशी. बुरुलकान बघत राहिली. आयबेकला खालचे दोनच दात आले होते. तुरसुनला एकही नाही. आणि हा बत्तीस दातांचा, दाढीमिशांचा, जिताजागता लेक तिनं स्वतःच्या तोंडानं घराबाहेर घालवला होता! याला कुणी न्यायला आलं नव्हतं. तिनंच हाकललं होतं.

"गाडी सुटली का?" तिनं विचारलं.

"भरते आहे अजून, आई. दुकानापाशी..."

पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही. बासष्ट वर्षांची बाई, गुडघे धरलेले, पायांत गोठ्यातले रबरी जोडे, पण अशी धावली की कुत्री भुंकायला लागली. दुकानापाशी गाडीत माणसं बसत होती. जुमाश काठीवर रेलून उभा होता, कालिमान कुणाच्या तरी हाती शहरातल्या लेकीसाठी लोणी पाठवत होती. पाठमोरा सामात बॅग मागे चढवत होता.

"सामात!" बुरुलकान ओरडली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. जुमाशनं पाहिलं, कालिमाननं पाहिलं, गाडीतल्या माणसांनी काचेतनं पाहिलं. सामातनं तेवढं पाहिलं नाही. ते नाव त्या आवाजात त्यानं कधी ऐकलंच नव्हतं, मग ते आपल्यासाठी आहे हे त्याला कळणार तरी कसं? तो बॅगेचा पट्टा आवळत राहिला.

"सामात! अरे सामात!"

आता तो वळला. आईला पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. बॅग टाकून, पाय ओढत, जमेल तेवढं धावत तो आला आणि त्यानं तिचे दोन्ही दंड धरले. "काय झालं? आई, काय झालं? कोण गेलं?"

आई नावानं हाक मारते म्हणजे कुणीतरी मेलंच असणार, असं वाटलं पोराला. बुरुलकानला ते कळलं आणि ती भर रस्त्यात मटकन खालीच बसली.

"कुणी नाही गेलं," ती म्हणाली. "दोघं गेले होते ना, तेव्हापासून कुणी नाही गेलं. आयबेकला मी दिवसभर हाका मारायचे. तो गेला. तुरसुनला मारल्या, तोही गेला. तुझं नाव घ्यायची छातीच झाली नाही माझी. तुझी आजी म्हणाली, वाईट नावानं हाक मार, म्हणजे न्यायला येणाऱ्याला न्यावंसं वाटणार नाही. लाज? माझ्या राजा, लाज कसली? मी तुला लपवत होते रे. त्या शब्दाखाली लपवत होते."

सामात तिच्यासमोर धुळीत बसला. आखूड पाय त्याला धड दुमडता येत नाही, तो त्यानं तसाच लांब सोडला. लोक बघताहेत याचं त्याला भान नव्हतं, आणि खरं सांगायचं तर लोकांनाही बघवत नव्हतं. कालिमान लोण्याचं भांडं छातीशी धरून हुंदके देत होती.

"मग आज का घेतलंस?" तो म्हणाला.

"जिवंत राहावास म्हणून जे म्हणत होते, त्यापायीच तू निघालास. मग काय चुलीत घालायचंय त्याला?" तिनं डोळे पुसले आणि एकदम रागानं आजूबाजूला पाहिलं, माणसांकडे, रस्त्याकडे, वर आभाळाकडे. "ऐकणाऱ्यानं ऐकलं तर ऐकू दे. सामात! माझा सामात!"

ड्रायव्हरनं विचारलं, "उस्ताद, येताय का? जागा दुसऱ्याला देऊ?" त्याला बाकीचं काही माहीत नव्हतं. त्याच्या भावाच्या घोड्यावर सामातचं खोगीर होतं, एवढंच.

"देऊन टाक," सामात म्हणाला.

घरी येताना ती त्याच्या बाहीला धरून चालत होती, त्याच्या चालीनं, सावकाश. दारात जिपार उभी होती. बुरुलकान तिच्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या उस्ताद भाऊजींना चहा दे गं." जिपार आत पळाली, कारण सासूसमोर रडायचं नसतं.

गाव एका दिवसात सुधारलं असं काही मी सांगणार नाही. जुमाशची जीभ म्हातारी, तिला नवं वळण कुठनं लागणार? तो अजून लंगडाच म्हणतो, मग कालिमान त्याला असं झापते की त्याला पुढचं वाक्य आठवत नाही. ती स्वतःही मधेच चुकते, जीभ चावते आणि आपल्याच गालावर चापट मारून घेते. पोरं 'सामातकाका' म्हणायला शिकली, कारण पोरांना काय, शिकवाल ते शिकतात.

बुरुलकानची भीती मात्र गेलेली नाही. सव्वीस वर्षांची भीती ती, गाडी चुकली म्हणून थोडीच जाते? रोज सकाळी चुलीपाशी बसून ती हाक मारते, "सामात!" आणि वाडगा हातात तसाच धरून थांबते. कामाच्या खोलीतून उत्तर आल्याशिवाय ती चहा ओतत नाही. सामातला हे माहीत आहे. म्हणून तोंडात खिळे धरलेले असोत, हातात ओलं चामडं असो, तो सगळं टाकतो आणि आधी मोठ्यानं 'ओ' देतो.